त्यांनी मला एकही खोटा कागद दाखवला नाही

मी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात काम करते. सातबारा, फेरफार, जामीनदाराची सही, एकेक कागद उलटापालटा करून बघण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळे भोळी होते म्हणून फसले, असं म्हणायची सोय नाही. मी कागद तपासले आणि मगच पैसे भरले.

आई साताऱ्याजवळ गावी असते, वय ६९. गुडघे दहा वर्षांपासून धरलेले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं, झीज झालीय, वजन उतरवा, व्यायाम करा. आईचा त्यावर राग, कारण चिठ्ठीवर औषधच नव्हतं. मागच्या पावसाळ्यात मी गावी गेले तेव्हा तिनं पोथीतून पेपरचं एक कात्रण काढून पुढं केलं. गुडघ्यांसाठीच्या एका पुडीवर अर्ध्या पानाची बातमी, पांढऱ्या कोटातला माणूस, गुडघे चालते झालेल्या आजीबाईंचा फोटो. खाली फोन नंबर. बातमीच्या खाली फोन नंबर कशाला असेल, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पुढं महिन्यांनी रद्दीत त्याच पेपरचा उरलेला तुकडा सापडला. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘जाहिरात’ असं छापलं होतं. आईनं चौकट धरून नीटनेटकं कापलं होतं, त्यात नेमका तेवढा शब्द बाहेर राहिला होता.

फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय अदबशीर. “ताई, शंका घ्याच. हल्ली भेसळ किती आहे!” असं म्हणून त्यानं व्हॉट्सअॅपवर चार कागद पाठवले. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना, आयएसओचं प्रमाणपत्र, ‘यूएस एफडीए रजिस्टर्ड’ असं गरुडाच्या चित्राचं एक देखणं सर्टिफिकेट आणि प्रयोगशाळेचा अहवाल. परवाना क्रमांक मी सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. खरा निघाला, मुदतही शिल्लक होती. अहवालात शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम सगळं मर्यादेत. तीन महिन्यांच्या कोर्सचे ५,४०० रुपये भरले आणि वर ऑफिसात दोघींना सांगितलं की असं तपासून घ्यावं लागतं.

पूड सकाळ-संध्याकाळ चमचाभर, कोमट पाण्यातून. आठव्या दिवशी आईचा फोन आला, “अगं, आज जिना चढून गच्चीवर गेले, धरलं नाही कुठं.” भूक वाढली, झोप मात्र उडाली. पहाटे तीनला उठून भांडी घासायची. मला कौतुकच वाटलं.

गणपतीत गेले तर तोंड गोल, गाल तकतकीत. शेजारणी म्हणत होत्या, तब्येत सुधारली हो. पण हात मात्र बारीक झाले होते, आणि बांगड्या जिथं आपटतात तिथं मनगटावर जांभळे डाग. बोट लावलं तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी वाटली. म्हणून रक्त तपासलं. कधी नव्हती ती साखर, उपाशीपोटी २१२.

इथं माझ्याकडून मोठी चूक झाली, आणि हे लिहायला बसले ते मुख्यतः तेवढ्यासाठी. मला पुडीचा संशय आला आणि मी त्याच दिवशी ती बंद करून टाकली. डॉक्टरांना न विचारता, एका झटक्यात. चौथ्या दिवशी आई मोरीत बसली ती उठेचना. उलट्या, हातापायात त्राण नाही, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब ८०/५०, रक्तातलं सोडियम १२१, दोन्ही फार खाली. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच विचारलं, “काकू, गुडघ्यांसाठी कसली पूड घेताय?” आई माझ्याकडे बघायला लागली.

सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर जवळजवळ नाहीच. म्हणजे चेहरा सांगतोय स्टेरॉइड फार झालंय, आणि रक्त म्हणतंय अंगात काही नाही. डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज थोडं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून डेक्सामेथासोनसारखं जबर स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे आलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. आणि डेक्सामेथासोन या तपासणीत दिसतही नाही. बाहेरचं बंद, घरचं सुरू नाही, अशा मधल्या दिवसांत माणूस जातोसुद्धा. म्हणून असली पूड कोणी काही आठवडे जरी घेत असेल तर ती फेकण्याआधी डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते खरं स्टेरॉइड ठरावीक मात्रेत देऊन ते हळूहळू उतरवतात.

उरलेली पूड मी एका खासगी प्रयोगशाळेत नेली. काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, “काय शोधायचं?” मला वाटलं होतं यंत्रात घातलं की आत काय काय आहे ते सगळं छापून येतं. तसं नसतं. ज्याचे पैसे भराल ते शोधतात. डॉक्टरांनी तीन नावं लिहून दिली होती, त्यातली डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, ही दोन सापडली. तेव्हा व्हॉट्सअॅपवरचा तो जुना अहवाल पुन्हा उघडला. त्यात सगळं खरंच होतं. शिसं नव्हतं, पारा नव्हता. स्टेरॉइड नाही असं त्यांनी लिहिलंच नव्हतं, ते मीच वाचलं होतं.

बाकीच्या कागदांचंही तेच. एफएसएसएआयचा परवाना हा खाद्यपदार्थ बनवण्याचा परवाना. डबीच्या बुडाशी इंग्रजीत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ लिहिलेलं होतं, पूरक आहारावर ते लिहावंच लागतं. म्हणजे औषध म्हणून वापरू नका असं त्यांनीच बजावलं होतं. आयएसओ कामाच्या पद्धतीचं, मालाच्या गुणाचं नव्हे. आणि अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, खाद्यपदार्थाचा कारखाना नोंदवायला फीसुद्धा लागत नाही. नोंद म्हणजे मान्यता नव्हे, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र एफडीए देतच नाही. गरुडाचं चित्र छापून देणाऱ्या खासगी एजन्स्या असतात.

कायदा नाही असंही नाही. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार, त्यात संधिवात. यावर उपचार असल्याची जाहिरात करायची नाही. म्हणून कात्रणात ‘संधिवात’ हा शब्द शोधूनही सापडत नाही, फक्त ‘सांध्यांचे पोषण’. “संधिवात मुळासकट जातो ताई” हे त्या मुलानं फोनवर सांगितलं होतं. फोनवरच्या बोलण्याचा कागद होत नाही. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी घ्या, असं सांगणारा ‘नियम १७०’ डिसेंबर २०१८ मध्ये आला, जुलै २०२४ मध्ये आयुष मंत्रालयानं तो वगळला, सुप्रीम कोर्टानं त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण मिटून स्थगितीही उठली. वर्तमानपत्रात यावर रकानेच्या रकाने आले. आमची डबी त्या सगळ्या भांडणाच्या बाहेरच होती. ती औषध नव्हतीच ना, खाऊ होती.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे डेक्सामेथासोनची गोळी रुपयाच्या आत मिळते.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. डबी, बिल, अहवाल, चॅटचे फोटो, सगळं जोडून पोच घेतली. अर्ज घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “अन्नाकडे देऊ की औषधाकडे?” मी म्हटलं, दोन्हीकडे द्या. तो फोन नंबर आता बंद लागतो. तसाच पांढरा कोट मात्र परवा दुसऱ्या पेपरात दिसला, डबीचं नाव वेगळं.

आई आता बरी आहे. साखर उतरली, गोळ्या कमी होत चालल्यात, तोंड पुन्हा तिचंच दिसायला लागलंय. गुडघे अर्थात पहिल्यासारखे दुखतात. रविवारी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा हळूच म्हणाली, “तू रागावशील, पण त्या दोन महिन्यांत मी रोज गच्चीवर जात होते.”