तंगूस की ब्रेडेड दोरी?

भंडारा जिल्ह्यातील मामा तलावांवर (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांवर) गळ टाकणाऱ्या एका तरुणाला मरळ मासा पकडण्यासाठी कोणती दोरी घ्यावी, हा प्रश्न पडला आहे. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या एकाच सलग तंतूची, दोरी स्वस्त असते; परंतु उन्हाने ती कमकुवत होते आणि वरचेवर बदलावी लागते. ब्रेडेड, म्हणजे अनेक बारीक तंतू विणून केलेली, दोरी तेवढ्याच जाडीत कितीतरी अधिक ताकदीची असून कमळवेलींत दडलेल्या मरळीला ओढून काढते, मात्र ती जवळजवळ ताणली जात नसल्याने हिसका थेट गळावर येतो, आणि उघड्या हाताने धरल्यास बोटेही कापतात. तंगूस ताणला जाऊन हिसका पचवतो. खोल समुद्रात मार्लिनसारख्या प्रचंड माशासाठीही तो पुष्कळदा याच गुणामुळे निवडतात. दगडावर घासण्यातही तोच अधिक टिकतो. म्हणून वेलींनी भरलेल्या तलावात मरळीसाठी ब्रेडेड दोरी घ्यावी, आणि उघड्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी, विशेषतः नवशिक्याने, तंगूसच वापरावा.