पट भरला, पण वर्गात काय मिळते? वंचितांसाठीच्या सरकारी शाळेचे परीक्षण

सरकारी शाळा ही एक सेवा मानली, तर तिचे मोल पटसंख्येवरून नव्हे, तर ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी शाळेत जाते आहे, त्या मुलाच्या पदरात काय पडते यावरून ठरवायला हवे.

फी माफ केल्याने दार उघडते, याबद्दल दुमत नाही. मलावीने 1994 मध्ये, युगांडाने 1997 मध्ये आणि केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली. एकट्या मलावीत पट सुमारे 19 लाखांवरून 30 लाखांच्या घरात गेला. मात्र शिक्षक आणि वर्गखोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. खालच्या इयत्तांत एकेका शिक्षकापुढे शंभराहून अधिक मुले बसू लागली, कित्येक वर्ग झाडाखाली भरू लागले आणि गळती पुन्हा सुरू झाली.

फी नसली तरी मुलाची मजुरी बुडतेच. मेक्सिकोने 1997 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेने हे नेमके ओळखले होते: मुलांच्या नियमित हजेरीच्या अटीवर पैसे थेट आईच्या हाती दिले जात, आणि माध्यमिक इयत्तांत मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम मिळे, कारण त्याच वयात मुलींची शाळा सुटत असे. बांगलादेशाने 1994 पासून ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन देताना अविवाहित राहण्याची अट घातली, ती मला अत्यंत मोलाची वाटते. पण त्याच योजनेतील 45 टक्के गुणांची अट खटकते, कारण जिला घरी अभ्यास समजावून सांगणारे कोणी नाही, नेमक्या तिच्याच डोक्यावर ती टांगती राहते.

सर्वांत उणी बाजू भाषेची आहे. घरी एक भाषा बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी अनोळखी भाषा आणि अनोळखी अक्षरे एकदमच शिकावी लागली, तर ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यालाच मंदबुद्धी समजले जाते. हा अन्याय मला सर्वांत जास्त बोचतो. बोलिव्हियाने 1994 च्या शिक्षण सुधारणेत केचुआ, आयमारा आणि ग्वारानी भाषांना स्पॅनिशबरोबर वर्गात स्थान दिले. तशी पाठ्यपुस्तके छापता येतात. ती शिकवण्यासाठी त्याच समाजातले प्रशिक्षित शिक्षक घडवायला मात्र कितीतरी वर्षे लागतात, आणि सरकारांचा निधी व धीर बहुधा तिथेच संपतो.