नौपाड्यातली लॅब: चार स्टार, पाचवा जिन्यासाठी कापला

जिन्याचं आधीच सांगते, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी मधे टेकत टेकत चढा. एक स्टार त्यासाठीच गेला. बाकी लॅब भारी.

मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, बारा वर्षं झाली, एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या चालू आहेत. आधी एका चकाचक लॅबमध्ये जायचे (नाव नाही घेत), तिथल्या पोराने भर वेटिंगमध्ये ओरडून विचारलं "एचआयव्हीवाल्या मॅडम कोण?" सगळ्यांच्या माना वळल्या, मी तशीच उठले आणि रिक्षा पकडली. इथे टोकन नंबर पुकारतात, रिपोर्ट बंद पाकिटात देतात, आणि रक्त काढणाऱ्या ताई ग्लोव्हज सगळ्यांसाठीच घालतात, माझ्यासाठी डबल नाही.

एआरटी सेंटरच्या मॅडमनी हिपॅटायटिस बी आणि सी (लिव्हरला सूज आणणारे व्हायरस) यांच्या टेस्ट करून घ्या म्हटलं होतं. बी निगेटिव्ह आली, सी अँटीबॉडी रिअ‍ॅक्टिव्ह. माझे हातपाय गार. पॅथॉलॉजिस्टनी आत बोलावून बसवलं, म्हणाले अँटीबॉडी म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेलाय एवढंच, आत्ता आहे का ते आरएनए व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजणाऱ्या टेस्टवर कळेल, आमच्याकडे महाग पडेल, २०१८ पासून सरकारी कार्यक्रम आहे, टेस्ट आणि औषध दोन्ही फुकट, तिकडे जा. आपलं गिऱ्हाईक कोण असं घालवतं सांगा!

लोड निघालाच. १९९८ ला डिलिव्हरीत रक्त चढवलेलं, तेव्हा रक्तपेढीत सी तपासणं सक्तीचं नव्हतं, डॉक्टर म्हणाले तिथूनच आला असायची शक्यता जास्त. (घरच्यांना आधी भलतंच काहीतरी सुचलं होतं, असो.) मग सीच्या गोळ्या, सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, रोज, १२ आठवडे. एचआयव्हीच्या गोळ्या बंद नाही करायच्या, पण कुठल्या घेतो ते डॉक्टरांना दाखवायचंच, त्यात एफाविरेन्झ असेल तर डॅक्लाटासव्हिरचा डोस वाढवावा लागतो. माझी डोल्युटेग्राव्हिरवाली होती म्हणून तसाच चालला.

कोर्स संपल्यावर परत १२ आठवडे थांबून लोड केला, नॉट डिटेक्टेड! अँटीबॉडी मात्र पुढेही रिअ‍ॅक्टिव्हच येत राहते, म्हणून नॉट डिटेक्टेडवाल्या रिपोर्टची झेरॉक्स पर्समध्येच असते, नवीन कोणी घाबरवायला लागलं की काढून दाखवते.

आता बीची लस चालू आहे. शेवटच्या डोसनंतर टायटर (लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी) करायचंय, ते इथेच करणार, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.