पोलीस रँकचा भिंतीवरचा चार्ट : भरतीवाल्यांनी घ्यावा का?

भाची पीएसआयची (पोलीस उपनिरीक्षक) तयारी करतेय, तिच्यासाठी दादर स्टेशनबाहेरून हा मोठा लॅमिनेटेड चार्ट घेतला, १२० रुपयांना. पाचपैकी साडेतीन देईन.

चित्रं खरंच मस्त आहेत. सहायक फौजदाराचा एक स्टार, पीएसआयचे दोन, पीआयचे (पोलीस निरीक्षक) तीन आणि सोबत लाल-निळी फीत, मग एसीपीलाही (सहायक आयुक्त) तेच तीन स्टार पण फीत नाही, इथे भलेभले गोंधळतात आणि चार्टवर दोन्ही शेजारी शेजारी छापलेत त्यामुळे एकदा बघितलं की डोक्यात बसतं. वर डीसीपीला (उपायुक्त) अशोकस्तंभ आणि एक स्टार, अ‍ॅडिशनल सीपीला (अतिरिक्त आयुक्त) अशोकस्तंभ आणि तीन स्टार, तेही बरोबर. कागद जाड आहे, ट्यूबलाइटखाली चमकतो थोडा, चालतंय.

आता खटकलेलं. सगळी पदं शिपायापासून महासंचालकांपर्यंत एकाच सरळ शिडीत लावलीत, जणू प्रत्येक जण खालून चढत वर जातो. तसं नाहीये ना! शिपायाची भरती वेगळी, पीएसआय एमपीएससीतून, डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) राज्यसेवेतून आणि आयपीएस यूपीएससीतून, म्हणजे आत यायचे दरवाजेच वेगवेगळे आहेत, आणि तयारी करणाऱ्या पोरांना नेमकी हीच माहिती आधी लागते. शिपायाला खात्यांतर्गत परीक्षा देऊन पीएसआय होता येतं हेही कुठे लिहिलेलं नाही, किती जणांना त्याने हुरूप आला असता.

दुसरं म्हणजे शहर आणि जिल्हा. मुंबईत एसीपी म्हणतो तोच जिल्ह्यात डीवायएसपी, इथला डीसीपी तो तिकडे एसपी (पोलीस अधीक्षक). अलिबागला रायगडचे एसपी बसतात आणि खाडी ओलांडून नवी मुंबईत आलात की आयुक्तालय, मीरा-भाईंदर वसई-विरारचं तर २०२० ला वेगळं झालं. चार्टमध्ये दोन्ही नावं एका चौकटीत तिरकी रेघ मारून कोंबलीत, नवख्याला काय कळणार. आणि मुंबईकराला वाटतं कमिशनर म्हणजे सगळ्यात वर, कारण क्रॉफर्ड मार्केटसमोरचं ऑफिस येताजाता दिसतं, पण अख्ख्या राज्याचे महासंचालक कुलाब्याला रीगलच्या बाजूला बसतात, हे एका ओळीत सांगता आलं असतं.

पोलीस नाईक अजून चार्टवर आहे. शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं हे पद २०२२ मध्येच रद्द झालंय, आवृत्ती नवीन म्हणून विकताय तर एवढं तरी बघा की राव.

तळाला 'इतर देश' म्हणून चौकट आहे ती मात्र मला फार आवडली. बांगलादेशात देशभर एकच पोलीस दल आणि वर एक आयजीपी (पोलीस महानिरीक्षक), फ्रान्समध्ये शहरांत पोलीस आणि ग्रामीण भागात लष्करी दर्जाचं जांदार्मेरी, इंग्लंड-वेल्समध्ये ४३ प्रादेशिक दलं. यावरून आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय का याची मस्त चर्चा झाली घरी. फक्त तिथेच सीआयएसएफ (औद्योगिक सुरक्षा दल), आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) केंद्राचे आणि लोहमार्ग पोलीस राज्याचे हे टाकायला हवं होतं, लोकलमध्ये मोबाइल गेला की तक्रार घेऊन कुणाकडे जायचं हे रोज प्रवास करणाऱ्यांनाही माहीत नसतं (लोहमार्गकडे).

अजून एक, मनापासून सांगतो. सहायक फौजदाराची ओळ सगळ्यात बारीक अक्षरात आहे. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते, अशोकचक्र मिळालंय त्यांना. त्या पदाला थोडी मोठी जागा द्या पुढच्या आवृत्तीत.

शिपाई भरतीवाल्यांनी चिन्हांसाठी बिनधास्त घ्या. पीएसआय किंवा राज्यसेवावाल्यांनी शहर-जिल्हा पदांचा तक्ता स्वतः वहीत काढून शेजारी चिकटवा, भाचीने तेच केलंय.