‘पित्त मुळासकट काढतो’ म्हणणाऱ्या शिबिरात झालेली फसवणूक

इंदूरमधील आणि देवास, उज्जैन, धार, महू या भागांतील मराठी कुटुंबांनी सावध राहावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझ्या यजमानांना कित्येक वर्षांपासून आम्लपित्ताचा त्रास आहे. जेवणानंतर छातीत जळजळ, करपट ढेकरा, पोट फुगणे, रात्री आडवे होताच घशाशी येणारे आंबट पाणी आणि त्यामुळे मोडणारी झोप हे आमच्या घरात नवे नव्हते. हा त्रास जिवावरचा वाटत नाही, म्हणून घरचे-बाहेरचे त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत; पण ज्याला तो रोज सोसावा लागतो, त्याला एकदाचे यातून सुटावे अशी ओढ लागलेली असते. त्या ओढीवरच हा सगळा धंदा उभा आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका सभागृहात ‘निःशुल्क पचन तपासणी शिबिर’ भरले. त्याचा निरोप ओळखीच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून आला होता. शिबिर घेणारी माणसे महाराष्ट्रातून आलेली होती, आणि ‘या काका, बसा, केव्हापासून त्रास होतोय?’ अशी आपुलकीने चौकशी करत होती. पिढ्यानपिढ्या इंदुरात राहून ज्यांचा दिवसभराचा व्यवहार हिंदीत चालतो, त्यांच्या कानावर असे घरगुती मराठी पडले की निम्मा विश्वास तिथेच बसतो. सकाळच्या पोह्यांवर शेव घेता का, थंडीत गराडू (तळलेला कंद) खाता का, रात्री उशिरा सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाता का, असे प्रश्न त्यांनी विचारले. इंदूरच्या कोणत्याही घरात या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशीच येणार. पण ऐकणाऱ्याला वाटते की समोरच्याने आपले दुखणे अचूक ओळखले.

त्यानंतर तपासणी झाली. लॅपटॉपला जोडलेल्या एका लहान डबीतून निघालेली धातूची कांडी यजमानांच्या मुठीत दिली गेली, तेथील मुलीने त्यांचे वय, उंची आणि वजन भरले, आणि एक-दोन मिनिटांत पानेच्या पाने छापून आली. जठर, यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, जीवनसत्त्वे, हाडे अशा प्रत्येक गोष्टीचे आकडे त्यात होते, काही आकड्यांना लाल रंग दिलेला होता आणि तळाशी ‘आतड्यांत विषद्रव्ये साचली आहेत’ असा निष्कर्ष होता. माझ्या मोठ्या जाऊबाईंनीही तीच कांडी धरली होती. खडे झाल्यामुळे त्यांचे पित्ताशय शस्त्रक्रिया करून काढून टाकलेले आहे. घरी आल्यावर मी दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांच्या अहवालात पित्ताशयाचे कार्य ‘सामान्य’ असल्याचे स्वच्छ छापलेले होते. नसलेल्या अवयवाचे कार्य सामान्य दाखवणारे यंत्र काय मोजत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. रक्ताचा थेंबही न घेता, नुसती कांडी धरून जीवनसत्त्वांचे प्रमाण किंवा यकृताचे आरोग्य कळत नाही. अशी यंत्रे ‘क्वांटम’ या भारदस्त नावाखाली गावोगावच्या शिबिरांतून फिरतात.

मात्र हे कागद मी पाहिले तोवर पैसे देऊन झाले होते. ‘पित्त मुळासकट काढणाऱ्या’ सहा महिन्यांच्या चूर्णाचे ₹१४,००० सांगून ‘शिबिरापुरती सवलत’ म्हणून ₹९,५०० घेतले गेले. ही रक्कम एका खासगी व्यक्तीच्या खात्यात यूपीआयने भरायला लावली आणि हातात जी पावती दिली, तिच्यावर ‘सहयोग राशी’ असे लिहिलेले होते. औषधाचे नाव, दर, वजन यांतले काहीच तीवर नव्हते. उद्या कोणी तक्रार केली, तर आम्ही काही विकलेच नाही, यांनी स्वेच्छेने देणगी दिली, असे म्हणण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती.

यापुढची युक्ती मला सर्वांत घातक वाटते, म्हणून ती नीट समजावून सांगते. यजमान डॉक्टरांच्या सल्ल्याने पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी बरीच वर्षे घेत होते. ‘इंग्रजी गोळी आजच बंद करा, नाहीतर चूर्ण लागू पडणार नाही,’ असे त्यांना बजावण्यात आले. पहिले काही दिवस जळजळ वाढेल, ते जुने पित्त बाहेर पडत असल्याचे लक्षण आहे, घाबरून गोळी घेऊ नका, असेही सांगितले गेले. तसेच घडले. जळजळ इतकी वाढली की रात्री ते खुर्चीत बसून झोपत असत. मग काही आठवड्यांनी ती हळूहळू उतरली आणि शिबिरवाल्यांचा शब्द खरा ठरला असे आम्हा सर्वांना वाटले. त्यामागचे खरे कारण डॉक्टरांनी नंतर सांगितले. या जातीच्या गोळ्या जठरातील आम्ल तयार होणे दडपून ठेवतात. त्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी सोडल्या, तर जठर काही काळ नेहमीपेक्षाही जास्त आम्ल स्रवते आणि मग आपोआप पूर्वपदावर येते. डेन्मार्कमधील एका संशोधनात निरोगी स्वयंसेवकांना अशी गोळी आठ आठवडे देऊन थांबवण्यात आली, तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक जणांना जळजळीसारखी लक्षणे जाणवली. ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आधी कसलाच त्रास नव्हता त्यांची ही गत, तर जुन्या रुग्णाचे काय होणार! म्हणजे त्रास वाढण्याचे भाकीत आणि तो कमी होण्याचे भाकीत ही दोन्ही कोणालाही करता येतील, चूर्णाच्या जागी नुसते पीठ दिले तरीही.

चूर्ण पीठ नव्हते, हे मात्र खरे. डबीवर ज्येष्ठमध, बडीशेप, आवळा, शतावरी अशी नावे होती. कोमट पाण्यातून एक छोटा चमचा, दिवसातून तीन वेळा घ्यायचे होते. घेतल्यावर पाच मिनिटांत मोठी ढेकर येई आणि छाती हलकी होई, त्यामुळे यजमानांचा त्यावर विश्वास बसत गेला. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे आणि मीठ कमी खाण्याचे पथ्य आम्ही काटेकोरपणे पाळतो. असे असूनही त्यांचे घोटे सुजू लागले, संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसत, आणि रक्तदाब नेहमीच्या औषधाला दाद देईना. शिबिरवाल्यांना फोन केला, तर ‘शरीरातले पाणी सुटते आहे, मात्रा वाढवा’ असे उत्तर मिळाले.

अखेर आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवीन काय घेता आहात, असे विचारून डबी मागवली. त्यांच्या टेबलावरच्या बशीत चमचाभर चूर्ण काढून त्यांनी त्यावर अर्धे लिंबू पिळले. तत्क्षणी ते चूर्ण सूं आवाज करत फसफसले आणि फेस बशीच्या काठापर्यंत चढला. डबीवर लिहिलेल्या वनस्पतींच्या पुडीवर नुसते लिंबू पिळून असा फेस येत नाही. त्यात खायचा सोडा किंवा तसाच एखादा क्षार भरपूर असला पाहिजे, असे डॉक्टर म्हणाले. सोडा जठरातील आम्लाला लगेच मारतो आणि त्यातून निघालेला वायू ढेकरेच्या रूपाने वर येतो, म्हणूनच तात्पुरते बरे वाटते. परंतु शुद्ध सोड्याच्या एका छोट्या चमच्यात, म्हणजे सुमारे ५ ग्रॅममध्ये, १,३०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे. शिवाय ज्येष्ठमध जास्त प्रमाणात पोटात गेल्यास शरीरात पाणी धरून राहते, रक्तातील पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. यजमानांचे पोटॅशियम खरोखरच कमी निघाले. चूर्ण बंद केल्यावर सूज ओसरली आणि रक्तदाब आटोक्यात आला.

दुर्बिणीने (एंडोस्कोपी) तपासणी केल्यावर त्यांना हायटस हर्निया असल्याचे दिसले. छाती आणि पोट यांच्यामधील पडद्याच्या फटीतून जठराचा वरचा भाग थोडा वर सरकलेला आहे आणि त्यामुळे अन्ननलिकेच्या तळाशी असलेले दार नीट मिटत नाही. ही रचनेतली ढिलाई आहे; कोणतेही चूर्ण ती ‘मुळासकट’ काढू शकत नाही. आता गोळी पुन्हा सुरू आहे, पण ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पूर्वी ते ती जेवणानंतर घेत आणि तिचा पुरता उपयोग होत नसे. पलंगाचे डोक्याकडचे पाय ठोकळे ठेवून सहा इंच उचलले आहेत, रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकते. एवढ्याने बराच फरक पडला आहे. गिळताना अन्न अडकणे, कारण नसताना वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी, अंगात रक्त कमी असणे यांपैकी काही असल्यास दुर्बिणीची तपासणी लांबवू नये, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. शिबिरात यांतला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता, याचा मला आजही संताप येतो.

माझा रोख आयुर्वेदावर नाही. आपल्या शहरात शासनाचे अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे, नोंदणीकृत वैद्य आहेत. त्यांच्याकडे अवश्य जावे. आयुर्वेदिक औषधालाही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार उत्पादन परवाना लागतो, आणि परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख व घटकांची यादी डबीवर छापावी लागते. आमच्या डबीवर औषधाचा परवाना नव्हता. होता तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी क्रमांक, जो खाद्यपदार्थांना मिळतो. खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या वस्तूने रोग बरा होतो, असा दावा करता येत नाही. त्यांच्या पत्रकात ‘अल्सर कायमचा बरा’ असे ठळक छापलेले होते, आणि ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, त्यांच्या यादीत जठर-आतड्यांतील अल्सर आहे.

शिबिरवाल्यांचा फोन आता लागत नाही. आम्ही पत्रक, पावती, यूपीआयच्या नोंदी आणि यंत्राचे कागद जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातील मंगळवारच्या जनसुनवाईत (नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत) लेखी तक्रार दिली आहे. ज्यांना तिथे जाणे जमत नाही, त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ किंवा राज्याच्या १८१ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ज्यांच्या घरी अशा डब्या असतील त्यांनी त्या फेकून देऊ नयेत, कारण उरलेले चूर्ण आणि डबीवरचे लेबल हाच पुरावा आहे. घरात कोणाला रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर चूर्ण आजच थांबवून ती डबी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे, आणि आधीची गोळी पुन्हा कशी सुरू करायची तेही त्यांनाच विचारावे.