रोजचा एक जीके प्रश्न: फॉरवर्ड, पोल, क्विझ की तयार खेळ?

मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर रोज एक सामान्यज्ञानाचा प्रश्न टाकायचं ठरलं की चर्चा लगेच ॲपवर येते. व्हॉट्सॲपवरच चालवू, टेलिग्रामवर वेगळा ग्रुप काढू, नाहीतर सगळ्यांनी मिळून एखादा रोजचा खेळ खेळू. माझं मत आधीच सांगते: ॲप कोणतंही असो, दोन गोष्टी तपासा. दुसऱ्यांची उत्तरं दिसण्याआधी प्रत्येकाला आपलं उत्तर द्यावं लागतं का? आणि उत्तराबरोबर त्यामागचं कारण हातात पडतं का? या दोन्ही गोष्टी असतील तर छोट्या ग्रुपलाही रोज काहीतरी मिळतं. नसतील तर ग्रुप कितीही मोठा असला तरी काही दिवसांनी फक्त अंगठे उरतात.

खाली पाच पद्धती याच दोन कसोट्यांवर तपासल्या आहेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही, कारण सगळ्यांबद्दल सारखं सांगण्यासारखं नाही.

‘आजची माहिती’ फॉरवर्ड

सगळ्यात सोपी पद्धत ही. सकाळी एक चित्र किंवा चार ओळी आल्या, पुढे ढकलल्या, काम झालं. प्रश्न तयार करायला नको, उत्तराची वाट बघायला नको. ज्या ग्रुपमध्ये कुणाकडेच वेळ नाही, तिथे हेच टिकतं, हे मान्य.

पण वाचलेलं डोक्यात राहतं का? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता जेवढा आठवला तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं: दोनदा वाचणाऱ्यांना साधारण ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के. म्हणजे डोक्याला ताण देऊन आठवायला लावणं हाच लक्षात राहण्याचा रस्ता आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच घडत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. फॉरवर्डवर तारीख नसते. शनीला किती चंद्र आहेत? मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. त्याआधी २०२३ च्या सुरुवातीला काही महिने गुरू पुढे होता. त्या काळात बनवलेलं ‘सर्वाधिक चंद्र गुरूला’ असं चित्र आजही तितकंच नवं दिसतं. कझाकस्तानच्या राजधानीचंही तसंच: अस्तानाचं नाव मार्च २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. मधल्या साडेतीन वर्षांतल्या प्रश्नसंचांमध्ये जे उत्तर बरोबर होतं ते आता चूक आहे. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, या गोष्टी तर कधीच खऱ्या नव्हत्या, तरी फिरतच राहतात. व्हॉट्सॲपवर मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून आलेला आहे एवढं कळतं. तो खरा आहे की खोटा हे मात्र त्यातून कळत नाही.

दोन्ही कसोट्यांवर ही पद्धत नापास होते. ग्रुपचा रोजचा उपक्रम म्हणून ही निवडू नका.

व्हॉट्सॲपचा पोल

बहुतेक ग्रुप इथूनच सुरुवात करतात, आणि त्याला सबळ कारण आहे: सगळे आधीपासून तिथेच असतात. नोव्हेंबर २०२२ पासून पोलची सोय आहे आणि बारापर्यंत पर्याय देता येतात. प्रश्न टाकायचा, चार पर्याय लिहायचे, एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची मुभा बंद करायची, झालं. टाइप न करता एका टॅपमध्ये उत्तर देता येतं, त्यामुळे एरवी गप्प असणारी मंडळीही भाग घेतात. हा फायदा मी कमी लेखणार नाही.

आता हाच पोल सामान्यज्ञानासाठी वापरला की काय होतं ते जवळून बघा. सकाळी प्रश्न पडतो: ‘पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूर असलेलं शिखर कोणतं?’ पर्याय एव्हरेस्ट, के-टू, चिंबोराझो आणि मौना केआ. पहिल्या तिघांनी एव्हरेस्ट दाबलं. चौथ्याने पोल उघडला की हिरवी पट्टी एव्हरेस्टच्या बाजूला गेलेली त्याला दिसते, आणि कुणी काय निवडलं ती नावंही पाहता येतात. ‘केंद्रापासून’ या शब्दावर तो क्षणभर अडखळला असता, विषुववृत्ताजवळ पृथ्वी फुगलेली आहे हे त्याला आठवलंही असतं. पण तिघा मित्रांचं एकमत समोर असताना तो थांबत नाही. उत्तर चिंबोराझो आहे. इक्वेडोरमधलं हे शिखर समुद्रसपाटीपासून जेमतेम ६,२६३ मीटर उंच, तरी फुगवट्यावर उभं असल्यामुळे केंद्रापासून सर्वात दूर. एव्हरेस्टची ८,८४८.८६ मीटर उंची समुद्रसपाटीपासूनची आहे.

अशा वेळी माणूस इतरांच्या मागे जातो हे जुनं निरीक्षण आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात समोर दिसणाऱ्या रेषांच्या लांबीवर साधे प्रश्न विचारले. बाकीच्यांनी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा लोकांनी डोळ्यांना स्पष्ट दिसणारं सोडून तेच चुकीचं उत्तर दिलं. तिथे तर उत्तर समोर दिसत होतं, इथे अंदाज बांधायचा आहे.

शिवाय साध्या पोलमध्ये बरोबर पर्याय आधी ठरवून ठेवता येत नाही, आणि दिलेलं मत नंतर बदलता येतं. उत्तर रात्री वेगळ्या मेसेजमध्ये द्यावं लागतं, आणि तोवर खाली पन्नास मेसेज पडलेले असतात. ज्यांना रात्रीचा मेसेज दिसला नाही त्यांच्या डोक्यात एव्हरेस्टच राहतं. पहिली कसोटी पूर्ण नापास, दुसरी प्रश्न टाकणाऱ्याच्या चिकाटीवर.

ग्रुप हलवणं शक्यच नसेल तर एक सवय लावून घ्या: उत्तर देताना मूळ पोललाच रिप्लाय करा, म्हणजे प्रश्न आणि उत्तर एकत्र दिसतील. हे रोज न चुकता करणारी एक व्यक्ती असेल तर व्हॉट्सॲपचा पोलही चालतो.

टेलिग्रामचा क्विझ पोल

टेलिग्रामने जानेवारी २०२० मध्ये पोलमध्येच क्विझची सोय दिली आणि आपल्या कामासाठी ती जवळजवळ नेमकी बेतलेली आहे. पोल बनवताना क्विझ निवडा आणि बरोबर पर्यायावर खूण करा. ग्रुपमधल्या कुणालाही उत्तर देईपर्यंत निकाल दिसत नाही. एकदा टॅप केलं की बदलता येत नाही. त्याच क्षणी बरोबर की चूक ते कळतं, आणि बाकीच्यांनी काय निवडलं त्याची टक्केवारी मग उघडते.

खरी किंमत मात्र स्पष्टीकरणाच्या चौकटीत आहे. चुकीचा पर्याय दाबला किंवा बल्बच्या चिन्हावर टॅप केलं की तुम्ही लिहिलेलं कारण वर येतं. त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, म्हणून हाताशी पंचवीस-तीस शब्दच असतात. एवढ्यात बसवायचं म्हणजे नेमकं लिहावं लागतं. समजा प्रश्न असा आहे: ‘शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला जास्त वेळ लागतो की सूर्याभोवती?’ स्पष्टीकरण: ‘स्वतःभोवती सुमारे २४३ दिवस, सूर्याभोवती सुमारे २२५ दिवस. शुक्र उलट दिशेने फिरतो, म्हणून एका सूर्योदयापासून दुसरा मात्र सुमारे ११७ दिवसांनी होतो.’ बसलं. हाच प्रश्न ‘शुक्रावर दिवस मोठा की वर्ष?’ असा विचारला असता तर दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटलं असतं, कारण ‘दिवस’ दोन प्रकारे मोजता येतो.

उत्तर ताबडतोब मिळण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. पर्यायांच्या प्रश्नात चुकीचे पर्यायही आपण वाचतो आणि त्यातला एखादा नंतर खरा म्हणून आठवतो, हे रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. बरोबर उत्तर लगेच दाखवलं की हा धोका बराच कमी होतो. चार पर्यायांचे प्रश्न रोज द्यायचे असतील तर उत्तर रात्रीपर्यंत लांबवू नये, ते यासाठीच.

उणिवा आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे माणसं. निम्मा ग्रुप टेलिग्राम उघडतच नसेल तर वरचं सगळं व्यर्थ. सुट्या पोलमध्ये महिनाभराचे गुण आपोआप साठत नाहीत. गुणतालिका हवी तर क्विझबॉट या टेलिग्रामच्याच क्विझ बनवायच्या बॉटमध्ये प्रश्नांचा संच करून टाकावा लागतो. आणि उत्तर लगेच कळल्यामुळे गप्पा थोड्या कमी होतात, हेही खरं.

पर्याय न देता उघडा प्रश्न

ज्यांना प्रश्नापेक्षा त्यावरची चर्चा हवी आहे त्यांनी ही पद्धत बघावी. मला स्वतःला हीच सर्वात आवडते, पण ती प्रत्येक ग्रुपला झेपत नाही.

एकच उदाहरण देते. ‘पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंतच्या अंतरात बाकीचे सातही ग्रह एका ओळीत मावतील का?’ बहुतेकांचं पहिलं उत्तर ‘छे, एकटा गुरूच मावणार नाही’. मग कुणीतरी कागद घेतं. सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. सातही ग्रहांच्या सरासरी व्यासांची बेरीज सुमारे ३,८०,००० किलोमीटर. मावतात! तेवढ्यात दुसरं कुणीतरी विषुववृत्तावरचे व्यास घेऊन बेरीज करतं आणि ती येते सुमारे ३,८७,९००. आता मावत नाहीत. गुरू आणि शनी ध्रुवांकडे चपटे आहेत, त्यामुळे ते कसे ठेवता यावर निकाल बदलतो. तिसऱ्याला आठवतं की चंद्र दूर जातो तेव्हा अंतर चार लाखांवर जातं, म्हणजे तेव्हा कसेही ठेवले तरी मावतील. एका प्रश्नात ग्रहांचे आकार, त्यांचा चपटेपणा आणि चंद्राची लंबवर्तुळाकार कक्षा, सगळं येऊन जातं, तेही कुणी शिकवायला न बसता. चार पर्यायांच्या पोलमध्ये हे झालं नसतं.

गूगल करून उत्तर टाकणाऱ्यांचा प्रश्न इथे आपोआप सौम्य होतो, कारण अंदाजाचे आणि ‘का’ विचारणारे प्रश्न नुसते शोधून संपत नाहीत. ‘अमुक देशाची राजधानी कोणती’ असा प्रश्न मात्र उघडा टाकू नका. पहिल्या मिनिटात उत्तर येतं आणि दिवस संपतो.

पहिलं उत्तर बाकीच्यांना दिसू नये यासाठी टेलिग्रामवर आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मजकूर झाकायची सोय आहे. झाकलेल्या उत्तरावर टॅप केलं तरच ते दिसतं. व्हॉट्सॲपवर लोक मधे रिकाम्या ओळी घालून उत्तर ‘अधिक वाचा’च्या खाली ढकलतात. तेही चालतं, किंवा उत्तरं सरळ प्रश्नकर्त्याला वैयक्तिक मेसेजमध्ये मागवा. सहा-आठ जणांच्या ग्रुपला ते सहज जमतं. चाळीस जणांत प्रश्नकर्ता दमून जाईल.

तयार रोजचे खेळ आणि लाइव्ह क्विझ

पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा वर्डल हा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. डिसेंबरात त्यात रंगीत चौकोनांचा निकाल शेअर करायची सोय आली आणि तिथून तो पसरला. सगळ्यांना त्या दिवशी एकच कोडं, आणि निकाल सांगितला तरी उत्तर फुटत नाही, ही कल्पना उत्तम आहे. त्याच धर्तीवर भूगोलाचा वर्ल्डल आला: देशाची बाह्यरेषा बघून नाव ओळखायचं, चुकलात तर बरोबर देश किती किलोमीटरवर आणि कोणत्या दिशेला ते कळतं. पहिल्या कसोटीवर हे खेळ पैकीच्या पैकी. प्रश्न बनवायचे कष्टही नाहीत. पण विषय तुमच्या हातात नाही, मराठीत नाहीत, आणि ग्रुपवर रोज फक्त चौकोन पडतात. बोलणं पुढे सरकत नाही.

कहूटसारखा लाइव्ह क्विझ रोजच्या कामाचा नाही. सगळ्यांनी एकाच वेळी हजर असावं लागतं आणि वेगाला गुण मिळतात, त्यामुळे सावकाश विचार करणारे मागे पडतात. महिन्याकाठी एखाद्या संध्याकाळी, त्या महिन्यातलेच प्रश्न पुन्हा विचारायला मात्र तो झकास. विसरत आलेलं पुन्हा आठवायला लागतं, आणि त्यानेच ते पक्कं होतं.

मग कुणी काय निवडावं

आठ-दहा जण, एकमेकांशी मोकळे, वाद घालायला आवडणारे: उघडा प्रश्न, झाकलेली उत्तरं, रात्री कारणासकट उलगडा. रोज नाही जमलं तर एक दिवसाआड.

पंधरा-वीसच्या पुढे, अर्धे लाजरे, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या: टेलिग्रामचा क्विझ, स्पष्टीकरण सक्तीचं. सुरुवातीचे काही आठवडे मतदान निनावी ठेवा. चूक उत्तर नावासकट दिसणार असेल तर नवखा माणूस हातच लावत नाही. ग्रुप रुळला की नावं दाखवायची का ते त्यांनाच विचारा.

कुणीच व्हॉट्सॲप सोडायला तयार नाही: साधा पोल, पण मूळ पोलला रिप्लाय करून उत्तर त्याच दिवशी. प्रश्न टाकायची पाळी आठवड्याने बदला, एकाच माणसावर टाकलेला उपक्रम त्याच्या सुट्टीबरोबर बंद पडतो. आकडा असलेल्या प्रश्नापुढे ‘मार्च २०२५ नुसार’ अशी तारीख लिहा. आणि उत्तर किमान दोन वेगळ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय टाकू नका. त्यातलं एक तरी त्या विषयाच्या अधिकृत संस्थेचं असावं, दुसरा एखादा प्रश्नसंच नव्हे.