‘नो-पुल’ हार्नेसच्या नावाखाली ३,१५८ रुपये गेले. कुत्रेवाल्यांनो, सावध राहा

इन्स्टाग्रामवर हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा; ‘नो-पुल’ म्हणजे कुत्र्याला ओढू न देणारा), सहा फुटी लीश (आपण हातात धरतो तो पट्टा) आणि नावाची पाटी असा सेट ४,९९९ वरून २,४९९ ला देणारं एक पेज सध्या नागपुरातल्या कुत्रेवाल्यांच्या मोबाईलवर फिरून राहिलंय. त्यावरून काहीही मागवू नका. पेजचं नाव लिहून उपयोग नाही, कारण तक्रारी वाढल्या की ते नाव बदलतात आणि फोटो तेच ठेवतात. आमचा हिशेब असा: आगाऊ पैसे भरल्याची १५० सूट धरून २,३४९, मग हार्नेस बदलून देण्याआधी मागितलेले ‘एक्स्चेंज व्हेरिफिकेशन’चे ५९९ (परत मिळणारे, म्हणे), आणि हार्नेस परत पाठवायचं कुरिअर २१०. एकूण ३,१५८. उरली ती नुसती लीश, आणि तीही वापरायच्या लायकीची नाही.

चीड याची येते की घोळ पहिल्याच मेसेजमध्ये समोर होता. त्यांनी कुत्र्याचं वजन विचारलं, ‘३१ किलो’ म्हटल्याबरोबर उत्तर आलं: ‘एल साइज, परफेक्ट फिटिंग’. हार्नेसचा धंदा करणारा माणूस वजनावर साइज ठरवतच नाही. तो दोन मापं मागतो. एक मानेच्या बुडाचं, जिथं मान खांद्याला मिळते तिथलं. दुसरं छातीच्या घेराचं, पुढच्या पायांच्या मागून, सर्वांत रुंद जागेवरचं. आमच्या लॅब्रॅडॉरचा घेर ७८ सेंटीमीटर. त्याच वजनाच्या कारवान हाउंड या शिकारी जातीच्या कुत्र्याची छाती खोल, पोट आत गेलेलं, डोकं निमुळतं. लॅबला बसलेल्या पट्ट्यातून तो मागे सरकून सहज निसटेल. वजन विचारून ‘परफेक्ट’ सांगणाऱ्याकडे एकच माल पडलेला असतो, हे ज्याने दोन-चार हार्नेस वापरलेत त्याला कळतं. आम्हालाही कळतं. पण फोटोतल्या कडीवर वेल्डिंग स्वच्छ दिसत होतं, शिवण दुहेरी होती, मग माप मागाहून घेतील असं धरून चाललो. ते फोटो दुसऱ्याच कुणाच्या मालाचे होते. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, मूळ माल कुणाचा ते बहुतेक वेळा लगेच दिसतं.

दुसरी खूण म्हणजे क्यूआर स्कॅन केल्यावर वर दुकानाचं नाव नव्हतं, एका बाईचं नाव आलं. विचारलं तर ‘मॅडम अकाउंट सांभाळतात’. छोट्या घरगुती धंद्यात असं असतंही, त्यामुळे एवढ्यावरून कुणी थांबत नाही. तरी थांबा. कॅश ऑन डिलिव्हरी नाकारून आगाऊ भरण्यावर सूट देणारा आणि खातं तिसऱ्याच्या नावावर ठेवणारा, हे दोन्ही एकत्र दिसलं की पुढं जाऊ नका.

आता आलेला माल. ‘हेवी ड्यूटी नायलॉन’ म्हणून पाठवलेली पट्टी हाताला गुळगुळीत आणि वजनाला हलकी. तिचा सुटा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगला. नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, ओलं करून हवा दाबून काढली की बुडतं, पॉलिप्रॉपिलीन हे स्वस्त प्लास्टिक तरंगतं. स्वस्तपणाबद्दल भांडण नाही, पण ही पट्टी निसरडी असते, कुत्रा ओढत राहिला की ॲडजस्टरमधून सरकते आणि हार्नेस हळूहळू सैल होतो. घरून निघताना दोन बोटं जाणारी फट फुटाळा तलावाला पोचेपर्यंत अख्खी मूठ जाईल एवढी होते. शिवाय असली पट्टी उन्हात लवकर कमकुवत होते, आणि नागपूरच्या उन्हाबद्दल तुम्हाला काय सांगायचं. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेलेला.

पाठीवरची डी-रिंग, म्हणजे लीश अडकवायची कडी, ‘३०४ स्टेनलेस’ (सहसा चुंबक न धरणारं स्टील) म्हणून विकलेली. चुंबक कचकन चिकटलं, म्हणजे ते ३०४ नव्हे, वरून चकाकी दिलेलं लोखंड. उलट लीशच्या हुकाला चुंबक चिकटलंच नाही, पण म्हणून तो स्टील ठरत नाही. जस्ताच्या ओतीव हुकालाही चुंबक धरत नाही. ओतीव हुकाच्या कडेनं साच्याची बारीक रेघ दिसते, आणि तो वाकून इशारा देत नाही, झटका बसला की एकदम तुटतो. मोठ्या कुत्र्याला तो लावूच नये. आणि मुख्य गोष्ट: डी-रिंगचा जोड. नख फिरवून बघा. इथं तार नुसती वाकवून दोन टोकं भिडवलेली होती, वेल्डिंगचा पत्ता नाही. सेमिनरी हिल्सला मोकाट कुत्रे अंगावर आले, आमच्या पोट्ट्यानं, म्हणजे लॅबनं, एक हिसका दिला, टोकं तीन-चार मिलिमीटर फाकली आणि हुक त्यातून बाहेर. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. शिवणही एकाच ओळीची होती. कडीजवळ चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी.

‘नो-पुल’ हेही तसंच. ओढ कमी करायची तर छातीवर पुढं कडी लागते, म्हणजे कुत्र्यानं ओढलं की तो आपल्याकडे वळतो. नुसत्या पाठीवरच्या कडीनं त्याला ओढायला उलट सोयीचंच होतं. आमच्या सेटला पुढची कडी नव्हतीच.

पाकिटावर एमआरपी, उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर कोणत्या देशात बनलं, तक्रारीचा नंबर हे छापणं बंधनकारक आहे. आमच्या पाकिटावर ‘एल’ लिहिलेला स्टिकर, बाकी कोरं. पार्सल उघडतानाच सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून.

आणि मग सुरू झाली खरी फरफट. पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, “भाऊ, इथं लोकांचे लाखानं जाऊन राहिले आणि तुम्ही कुत्र्याच्या पट्ट्यासाठी आले?” कुत्रा रस्त्यावर सुटला होता हे सांगितलं तर “चावला का कोणाले?” मग एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घ्या म्हणाले, मग सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले माल तर मिळाला ना, मग हा ग्राहकाचा वाद, बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला, आणि कुरिअरवाला म्हणाला पाठवणाऱ्याचा पत्ता देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांनी पत्र द्यावं तर गुन्हा नोंदलेला पाहिजे, आणि गुन्हा नोंदवायला समोरच्याचा पत्ता पाहिजे! १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं. ठाण्यातलं “साहेब आले की या” मात्र कोणत्या कलमात बदलायचं? रक्कम छोटी असली की गुन्हा छोटा, हा हिशेब ठगांना आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे. म्हणूनच २५,००० चा पट्टा कोणी विकत नाही.

तरी करायचं ते करा. पैसे गेल्याबरोबर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवून. उशीर झाला की खात्यातली रक्कम पुढं सरकते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, दोन वर्षांच्या आत. चॅट डिलीट करू नका, त्यांनी ‘३०४ स्टेनलेस’ लिहिलेला मेसेज हाच पुरावा.

पट्टा शक्यतो सीताबर्डीला किंवा धरमपेठेत दुकानात कुत्रा सोबत नेऊन, अंगावर चढवून घ्या. कुत्र्याला मागं सरकवून बघा, डोकं निघतं का. कोपरामागे चार बोटं जागा सोडा, नाहीतर काख सोलते. मोठ्या कुत्र्याला कॉलर आणि हार्नेस जोडणारी एक छोटी जादा पट्टी लावा. एक कडी गेली तर दुसरी धरते.

आता त्यांचाच नवीन मेसेज आलाय: ‘रिफंड अप्रूव्ह, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला, नंबर ब्लॉक केला.